संत्र्याच्या बागेतून यॉटवर: समुद्र न पाहिलेल्यांनी हिवाळ्यात बेटं कशी फिरायची

आमचं गाव वरुड तालुक्यात. चारी बाजूंनी संत्रा, डोक्यावर सातपुडा, अन् समुद्र म्हणाल तर कुठूनही ५००-६०० किलोमीटर लांब. असं असून या जानेवारीत आम्ही सहा दोस्त थायलंडच्या फुकेटहून शिडाच्या यॉटवर बसून ७ दिवस बेटं फिरून आलो, आणि आल्यापासून पानठेल्यावर, बाजार समितीत, लग्नात, जो भेटला तो विचारून राहिला की कसं केलं, किती लागले, ओकारी झाली का. प्रत्येकाला वेगळं सांगून जीभ दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहितो. मी काही खलाशी नाही, सात दिवसांचा अनुभव आहे, त्यामुळे चुका आमच्या ताज्या आहेत एवढाच फायदा.

१. पहिले ठरवा: बोट चालवणार कोण

यॉट भाड्यानं घ्यायचे तीन प्रकार. एक, नुसती बोट घ्यायची आणि स्वतः चालवायची, याले बेअरबोट म्हणतात. त्यासाठी कंपनी तुमचा आधीचा शिडाचा अनुभव विचारते, सर्टिफिकेट मागते, आपल्याकडे दोन्ही नाही, विषय संपला. दोन, बोट अधिक स्किपर, म्हणजे ती चालवणारा. तीन, स्किपर, स्वयंपाकी, वाढपी सगळं, म्हणजे तरंगतं हॉटेल, त्याचा भाव ऐकून आमचा संत्र्याचा व्यापारी दोस्तही गप बसला.

नवख्या माणसानं दोन नंबरच घ्यावा. ड्रायव्हरसकट ट्रॅक्टर भाड्यानं आणल्यासारखं आहे ते, बोटीची जबाबदारी त्याची, पण दोर तुम्ही ओढायचे, नांगर तुम्ही सोडायचा, भांडी तुम्ही घासायची. त्यातच मजा आहे अन् त्यातच शिकणं होते.

बोटीत पुन्हा दोन जाती. एका पेट्याची (पेटा म्हणजे पाण्यात बसणारा बोटीचा सांगाडा) म्हणजे मोनोहल, ती वाऱ्यात एका अंगावर कलते, शिडाची खरी मजा तिच्यात म्हणतात, भाडंही कमी. दोन पेट्यांची म्हणजे कॅटॅमरान, ती कलत नाही म्हटलं तरी चालते, जागा ऐसपैस. आम्ही ४० फुटांच्या आसपासची कॅटॅमरान घेतली. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तीच घ्यावी, उगाच मर्दानगी दाखवू नका.

सापळा: स्किपरलाही झोपायला जागा लागते! चार केबिन म्हणजे आठ माणसं असा हिशोब लावू नका, एक केबिन त्याची धरा.

२. माणसं मोजून नाही, पारखून घ्या

सात दिवस सहा माणसं एका बैठकीएवढ्या जागेत राहणार आहेत. जो लग्नाच्या बसमध्ये खिडकीसाठी रुसतो त्याले घरीच ठेवा. आमच्यात एक झेडपीचे मास्तर, एक मेडिकलवाला, एक पुण्यात नोकरीवाला, दोन संत्र्यातले आणि मी. मास्तरला पोहता येत नाही, तरी आणला, तो सातही दिवस लाइफ जॅकेट घालून फिरला, जेवताना पण, आणि सगळ्यात कमी त्रास त्यानंच दिला.

पैशाचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सारखे पैसे काढून एक गल्ला करा, आणि तो एकाच्याच हाती द्या. डिझेल, भाजी, पार्कची फी, मूरिंग (म्हणजे बोट बांधायची जागा), सगळं त्यातून. नाहीतर रात्री अकराले समुद्रात बसून नारळपाण्याचा हिशोब करावा लागते. आम्हाला विमानासकट माणशी दीड लाखाच्या आतबाहेर पडलं, सहा जण होतो म्हणून. चारच असते तर भाडं तेवढंच अन् वाटेकरी कमी.

३. हिवाळाच काऊन

अंदमान समुद्राचा थायलंडकडचा भाग नोव्हेंबर ते एप्रिल शांत असते. तेव्हा वारा ईशान्येकडून येते, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे, त्यामुळे किनाऱ्याजवळ लाटा मोठ्या होत नाहीत, शीड भरायपुरता वारा मात्र मिळते. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा मोसमी वारा असते, तोच जो आपल्याला पाऊस देते, तेव्हा तिकडे नवख्याचं काम नाही. सिमिलान बेटं तर १६ मे ते १४ ऑक्टोबर बंदच ठेवतात.

नाताळ ते एक तारीख भाव सगळ्यात चढा. आमचा संत्र्याचा अंबिया बहार डिसेंबरात निघून जाते, म्हणून जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरला, भाव थोडा उतरला होता आणि वारा चांगला होता. कापूसवाल्यांनी वेचणी पाहून ठरवा.

आणि हो, हिवाळा म्हणजे आपला हिवाळा नव्हे. वरुडातून पहाटे निघालो तेव्हा थंडीनं दात वाजत होते, फुकेटला उतरलो तर ३० डिग्री. व्यापाऱ्यानं दोन स्वेटर अन् कानटोपी आणली होती, तिची उशी केली.

४. कागदपत्रं

- पासपोर्ट, प्रवासाच्या तारखेपासून किमान ६ महिने शिल्लक असलेला. नवा काढायचा असेल तर ३६ पानी साधा १५०० रुपयांत होते, पण आधार आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग अन् जन्मतारीख सारखी आहे का ते आधी पाहा. आमच्या एकाच्या आधारवर वडिलांचं नाव एक अन् दाखल्यावर दुसरं, त्यात दीड महिना गेला.
- दहावीची सनद. ती लावली की पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत कामाला जाताना सरकारी तपासणी लागते असा, शिक्का येत नाही.
- सरकारी नोकरी असेल तर ऑफिसची परदेश प्रवासाची परवानगी. मास्तरची फाइल टेबलावरून टेबलावर फिरायला वेळ लागला, म्हणून हे काम तिकिटाच्या आधी सुरू करा.
- व्हिसाचा नियम. भारतीयांना अलीकडे पर्यटनासाठी बिनव्हिसा प्रवेश मिळत आलाय, पण हे नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी थाई वकिलातीच्या साइटवर पाहूनच पैसे भरा.
- थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड. १ मे २०२५ पासून आहे. पोहोचायच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे. हुबेहूब दिसणाऱ्या साइटी पैसे मागतात, तिथं भरू नका. त्यात पत्ता लागतो, यॉटचा पत्ता काय देणार, म्हणून पहिल्या रात्रीचं हॉटेल बुक करून त्याचा पत्ता टाका.
- परतीचं तिकीट, प्रवास विमा. विम्यात शिडाच्या बोटीवरचा अपघात धरतात का ते विचारा, काही पॉलिसीत बारीक अक्षरात वगळलेलं असते.
- क्रेडिट कार्ड, चांगल्या लिमिटचं. कशाला ते खाली सांगतो.

ई-सिगारेट नेऊ नका, तिथं बंदी आहे. घरची संत्री नेऊन स्किपरला खाऊ घालू असा आमचा बेत होता, पण ताजी फळं परदेशात नेताना प्लांट क्वारंटाइनचे नियम आडवे येतात, त्यापेक्षा बर्फी नेली.

५. बोट बुक करताना

इथं आम्ही एकदा फसलो. एका एजंटनं फोटो पाठवला, पांढरीशुभ्र शिडाची यॉट, भाव निम्मा. ॲडव्हान्स दिला. नंतर खोदून विचारलं तर ती रोज सकाळी नेऊन संध्याकाळी आणणारी स्पीडबोट निघाली, त्यात पन्नास माणसं, अन् फोटो नेटवरचा. ॲडव्हान्समधले निम्मे परत मिळाले तेही पुण्यावाल्यानं इंग्रजीत भांडल्यावर. त्यातून शिकून पुढे हे लेखी विचारलं, तुम्हीही विचारा:

बोटीचं नाव, लांबी आणि बांधणीचं वर्ष. भाड्यात काय काय आहे, म्हणजे स्किपरचा रोज, त्याचं जेवण, डिझेल, डिंगीचं (काठावर जायच्या छोट्या होडीचं) पेट्रोल, चादरी, शेवटची सफाई. बहुतेक ठिकाणी यातलं बरंच वेगळं लागते. डिपॉझिट किती आणि कसं, बहुधा ते क्रेडिट कार्डवर ब्लॉक करतात, बोट नीट परत दिली की सोडतात, पण सोडायला काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस तुमचं लिमिट अडकून राहते. हवामान खराब झालं तर काय. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या मापाची आहेत का.

आणि विमान ज्या दिवशी उतरते त्याच दिवशी बोट घेऊ नका. नागपूरवरून मुंबई, मुंबईवरून फुकेट असं गेलो, घड्याळ दीड तास पुढे, डोळ्यावर झोप. एक रात्र जमिनीवर काढून मग चढा.

६. गावातच करायची तयारी

लोक म्हणतात आपल्याला काय कळते समुद्रातलं. मी म्हणतो अर्धं आपल्याला कळते, फक्त नावं माहीत नसतात.

वारा. कापसावर फवारा मारणारा माणूस वाऱ्याकडे तोंड करून कधी उभा राहत नाही, गालावर वारा कुठून लागून राहिला हे त्याले न पाहता समजते. शिडाच्या बोटीवर पहिली गोष्ट हीच लागते. पुण्यावाला झेंडीकडे, मोबाइलकडे पाहत बसे, अन् आमचा संत्र्यावाला डोळे मिटून सांगे, "भाऊ, आता डाव्या कानावर आला."

दोर. तीन गाठी शिकून जा, बास. पहिली बोलाइन, म्हणजे असा फास जो आवळत नाही, आपण जनावराच्या गळ्यात दावं बांधतो तेव्हा तो आवळू नये म्हणून जशी गाठ मारतो तिची बहीणच समजा. दुसरी क्लोव्ह हिच, खुंट्याला एकाच दिशेनं दोन वेढे, दुसऱ्याचं टोक त्याच्याच खाली खोचून, बोटीच्या कडेला हवा भरलेले फेंडर बांधायला. तिसरी क्लीटवरची, म्हणजे शिंगासारख्या खुंटीवर इंग्रजी आठचा आकडा काढून शेवटचा वेढा उलटा. रोज संध्याकाळी खाटेच्या पायाला दहा मिनिटं सराव केला, पंधरा दिवसांत अंधारात बांधता यायला लागलं.

पोहणं. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेलं असेल तर पोहता येतेच, पण विहिरीत काठ पाच हातांवर असते. समुद्रात काठ नाही आणि पाणी ओढते. म्हणून नुसतं पाठीवर पडून दहा मिनिटं तरंगता आलं पाहिजे, हे शिका, ते हातपाय मारण्यापेक्षा कामाचं.

ज्याला खरंच शीड हाती घेऊन पाहायचं आहे त्यानं हैदराबादला जावं. आपल्याला वाटते त्यासाठी मुंबईच लागते, पण हुसेनसागर तलावावर शिडाच्या होड्या चालतात, यॉट क्लब आहे, जुलैत मान्सून रेगाटा म्हणून स्पर्धाही होते, अन् नागपूरवरून ते मुंबईपेक्षा जवळ.

७. सामान

चाकाची कडक सुटकेस आणू नका, बोटीवर ती ठेवायला जागा नसते. कापडी बॅग, जी रिकामी झाली की घडी होते. बाकी: पाणी न शिरणारी पिशवी आणि मोबाइलचं पाऊच, डोक्याला लावायची बॅटरी, पांढऱ्या तळाचे बूट किंवा सरळ अनवाणी (काळ्या तळाचे डाग डेकवर पडतात आणि स्किपर ओरडतो), चष्म्याला दोरी, दोर ओढायला बोटं उघडी असलेले हातमोजे, पॉवर बँक, ती हातातल्या बॅगेत. पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट. उन्हाळ्यात आपण तोंडाला गुंडाळतो तो दुपट्टा तर पाहिजेच, पाण्यावरून ऊन दुप्पट लागते, माझी हनुवटी खालून जळाली, वर टोपी होती तरी.

सनस्क्रीन घेताना मात्र पाहून घ्या. ऑगस्ट २०२१ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट वगैरे घटकांच्या सनस्क्रीनवर बंदी आहे, पोवळ्यांना अपाय होते म्हणून, आणि दंड १ लाख बाथपर्यंत लिहिलेला आहे. मेडिकलवाल्यानं आपल्याच दुकानातल्या आठ ट्यूब आणल्या होत्या, त्यातल्या सहा बाद झाल्या.

८. बोट ताब्यात घेताना

इथं घाई करू नका. स्किपर अन् कंपनीचा माणूस तासभर सगळं दाखवतात, आणि आपण सेल्फी काढत असतो. एक जण व्हिडिओ काढा, बाकीच्यांनी पाहा: आग विझवायचं नळकांडं कुठं, गॅसचा व्हॉल्व्ह कुठं, तळात साचलेलं पाणी उपसायचा पंप कुठं, फ्लेअर (संकटात पेटवायचे इशाऱ्याचे दिवे) कुठं, इंजिन बंद कसं करायचं. रेडिओवर १६ नंबरचा चॅनल संकटाचा, जिवावर बेतलं तर बटण दाबून 'मेडे' तीनदा, मग बोटीचं नाव, जागा, काय झालं, किती माणसं. स्किपरच पडला तर कोण बोलणार, हे एका माणसाचं नाव घेऊन ठरवा. आमच्याकडे मास्तर, आवाज खणखणीत.

माणूस पाण्यात पडला तर तीन कामं एकदम: ओरडा, गोल टायर फेका, आणि एकानं फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहा, नजर हलवायची नाही. लाटांत डोकं नारळाएवढं दिसते अन् एकदा नजर सुटली की सापडत नाही. आम्ही दुपट्टा बांधलेला फेंडर पाण्यात टाकून सराव केला, अर्ध्या मिनिटात तो दिसेना झाला, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले.

बोटीवर जुन्या जखमा असतात, ओरखडे, फाटलेली जाळी, त्यांचे फोटो पहिल्याच दिवशी काढा. डिपॉझिट आठवा.

९. शीड

पहिल्या दिवशी आम्ही फक्त "ओढा" म्हटलं की ओढलं. दुसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला तो असा: बोट सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंशांचा कोन सोडावा लागते. तिकडेच जायचं असेल तर नागमोडी जायचं, घाटात गाडीरस्ता वळणं घेत चढते तसं. वळताना नाक वाऱ्यातून फिरवलं तर टॅक, शेपूट फिरवली तर जाइब. जाइबमध्ये शिडाच्या खालचा आडवा दांडा, बूम, सण्ण करून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला येते. तेव्हा डोकं खाली! बैलाच्या शिंगासारखं आहे ते, त्याचा राग नसतो पण लागते.

विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या फिरत्या खुंट्यावर, दोर घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायचा, तीन वेढे, आणि बोटं वेढ्यापासून लांब. दोर ताणलेला असताना कधीच त्याच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका. वारा वाढला तर शीड आधीच कमी करा, त्याले रीफ घेणं म्हणतात. स्किपर म्हणे, रीफ घ्यावा का असा प्रश्न मनात आला म्हणजे घ्यायची वेळ झाली.

वेग नॉटमध्ये. १ नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. आम्ही ५-६ नॉटनं चाललो, म्हणजे सायकलचा वेग. फोनवर नकाशा पाहून "हे तर जवळच आहे" म्हणू नका.

१०. ओकारी

होते. लाजायचं नाही. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, निघायच्या आधी घ्यायची, कोणती ते डॉक्टरले विचारा, बहुतेकांनी झोप येते. खाली केबिनमध्ये जाऊ नका, वर हवेत बसा, क्षितिजाकडे पाहा, मोबाइल बंद. आलं चघळा. उपाशी राहू नका, कोरडे मुरमुरे, पोळी. आणि ओकायचं झालं तर फवारणीचा नियम लक्षात ठेवा, वारा पाठीशी घेऊन. व्यापाऱ्यानं तो पाळला नाही, कानटोपी गेली.

११. नांगर, भरती-ओहोटी अन् आमची फजिती

सगळ्या लेखात हा भाग दोनदा वाचा. वारा आपल्याला कळते, दोर कळते, पण पाणी स्वतःहून चढते-उतरते हे आपल्या अंगात नाही. धरणाचं पाणी वर्षात एकदा चढते अन् एकदा उतरते. तिथं दिवसातून दोनदा. साधारण सहा तास चढ, सहा तास उतार, आणि रोज वेळ अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा चढउतार सगळ्यात मोठा, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी. आजीला तिथी सांगता येतात, म्हणजे अर्धं टाइमटेबल घरातच आहे, बाकीचं स्किपरकडच्या तक्त्यात.

नांगर टाकताना हिशोब असा. समजा आता खोली ६ मीटर, भरतीला आणखी २ चढणार, बोटीचं नाक पाण्यापासून १ मीटर वर. झाले ९. त्याच्या पाचपट साखळी सोडायची, ४५ मीटर. नांगर वजनानं धरत नाही, तळात आडवा रुतून धरतो, आणि साखळी लांब असली तरच ओढ आडवी लागते. वखर जमिनीत कसा धरतो, जू वर उचललं की सुटतो, तसंच. टाकल्यावर इंजिन मागे घेऊन ताण देऊन पाहा, मग काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून ठेवा, रेषा मोडली म्हणजे नांगर सरकला. पोवळ्यावर नांगर टाकायचा नाही, तिथं मूरिंगचे बोये, म्हणजे तळाशी पक्के केलेले तरंगते गोळे असतात, त्यांना बांधायचं. आणि दुपारी चारपर्यंत जागा धरा, जानेवारीत साडेसहाच्या सुमारास सूर्य बुडते.

आता फजिती. तिसऱ्या दिवशी को याओ नोई बेटावर आम्ही पाच जण डिंगीनं गेलो. डिंगी म्हणजे मोटर लावलेली रबराची छोटी होडी. स्किपरनं सांगितलं होतं, दोन वाजता परत या. आम्ही डिंगी काठाला नेली, झाडाला बोलाइन मारली, गाठ एक नंबर, फोटोही काढला. मग नारळपाणी, मग कुणीतरी म्हणालं भात खाऊ, त्यात साडेतीन झाले. परत आलो तर झाड तिथंच, गाठ तिथंच, डिंगी तिथंच, फक्त समुद्र नव्हता! चिखलाच्या पलीकडे, दूर, चांदीच्या पट्टीसारखं पाणी अन् त्यापलीकडे आमची यॉट, आणि तिच्यावर स्किपर चहा पिऊन राहिलेला, मास्तरसोबत. चिखलात बारीक खेकडे भोकातून डोकावून आमच्याकडेच पाहत होते. मोटरचं पातं रुतलेलं, कारण ती वर उचलून ठेवायची असते हे विसरलो. मग पाच जणांनी पोळ्याच्या पावसात फसलेला ट्रॅक्टर काढावा तशी ती उचलली, गुडघाभर चिखल, एकाची चप्पल अजून तिथंच आहे. शंभर पावलं नेली, पाणी आणखी मागे गेलं, तेव्हा शहाणपण सुचलं आणि चूप बसून राहिलो. पाणी परत यायला अंधार पडला.

म्हणून: डिंगीतून उतरायच्या आधी पाणी चढून राहिलं की उतरून हे विचारा. उतरत असेल तर एक जण सोबत थांबा, थोड्या थोड्या वेळानं ती पाण्यात ढकला. चढत असेल तर उंचावर बांधा. मोटर वर. आणि दोन वाजता म्हणजे दोन वाजता.

१२. पाणी, संडास, चूल

गोड्या पाण्याची टाकी काही शे लिटरची, सात दिवस सात माणसं. यात मात्र आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मे महिन्यात टँकरवर दिवस काढलेल्या माणसाले तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय धुता येतात. समुद्रात डुबकी, मग दोन तांबे गोडं पाणी. पुण्यावाल्यानं पहिल्या दिवशी शॉवर सोडून गाणं म्हटलं, त्याले खाली जाऊन मीटरच दाखवला.

संडासात कागद टाकायचा नाही. पोटातून आलेलं सोडून काहीच नाही. पंप दहा-पंधरा वेळा मारायचा. तुंबला तर तो उघडणारे तुम्हीच, यापुढे लिहीत नाही.

स्वयंपाक नांगर टाकल्यावरच. चौथ्या दिवशी चालत्या बोटीत व्यापाऱ्यानं सावजी मसाल्याची फोडणी दिली, खाली केबिनमध्ये, खिडक्या बंद, कारण लाटांचं पाणी आत येत होतं. ठसका असा उठला की स्किपर सुकाणू सोडून खोकला अन् दोघं कठड्याला लागले. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तिखट-मीठ, डाळ-तांदूळ, पापड एवढं नेलं तरी पुरते, भाजी-अंडी-मासे तिकडे मिळतात. गॅस वापरून झाला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, प्रत्येक वेळी. गॅस जड असते, तो बोटीच्या तळाशी साचते.

१३. आमचा रस्ता

फुकेटच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आओ पो वरून निघालो. पहिले तीन दिवस फांग ङ्गाच्या खाडीत, तिथं पाणी उथळ, तळ चिखलाचा, नांगर छान धरतो, नवख्यासाठी शाळाच. चुनखडीचे सरळ उभे डोंगर पाण्यातून वर आलेले, को फानाक बेटात बोगद्यातून डोंगराच्या पोटात शिरता येते, आत वरून उघडा आभाळाचा तुकडा, पण तेही भरती-ओहोटीची वेळ साधूनच अन् बॅटरी घेऊन. मग को याओ नोई, तिथलं तर सांगितलं. मग क्राबीकडचा रायले, मग फी फी.

फी फी ले बेटावरची माया बे गर्दीनं पोवळी मेली म्हणून २०१८ मध्ये बंद केली होती, जानेवारी २०२२ मध्ये उघडली. आता बोट खाडीत नेता येत नाही, मागच्या लो सामा बाजूनं उतरून चालत जायचं, पोहण्यावर बंधनं आहेत, अन् ऑगस्ट-सप्टेंबरात बंद. पार्कची फी परदेशी माणसाले ३००-४०० बाथ, ठिकाणाप्रमाणे, रोख ठेवा. खरं सांगू, फी फी आम्हाला जत्रा वाटली. फांग ङ्गामध्ये एक रात्र जास्त काढायला पाहिजे होती.

फी फीहून को राचा याई २०-२५ सागरी मैल, तो एकच लांबचा पल्ला, साडेचार तास, त्या दिवशी सुकाणू मी धरलं. पहिला अर्धा तास बोट दारू प्यालेल्यासारखी चालली, कारण मी होकायंत्राकडे पाहून उशिरा अन् जास्त फिरवत होतो. स्किपर म्हणाला लांबचा डोंगर धर. बैलगाडी हाकताना कासरा जरा जरा ओढतो, सारखा नाही, तसं केलं अन् मागची पांढरी रेघ सरळ व्हायला लागली.

१४. बोट परत देताना

डिझेल भरून द्यायचं असते, आदल्या दिवशीच भरा, शेवटच्या सकाळी पंपावर रांग लागते. पाणबुड्या खाली जाऊन तळ तपासतो. पहिल्या दिवशीचे फोटो इथं कामी आले, जाळीचं एक भोक आमच्या नावावर चढत होतं. डिपॉझिट सुटल्याचा मेसेज येईपर्यंत पावती फेकू नका. स्किपरला टिप गल्ल्यातून द्या, आम्ही वरून बर्फीचा उरलेला डबा दिला.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस जमीन डोलते, हे कुणी सांगत नाही. उभं राहिलं की वाटते आपण अजून बोटीवरच, विशेषतः आंघोळ करताना डोळे मिटले की. त्या दिवसांत मोटरसायकल जपून चालवा, विहिरीच्या काठावर उभं राहू नका. मी दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावरून बागेत जात होतो, पाय आपोआप फाकवून, डोलत डोलत. आमचा गडी खोरं टेकवून पाहत राहिला अन् हळूच म्हणाला, "भाऊ, सकाळीच?"